यंत्रास दोष देण्यापूर्वीं

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील एक जुना संगणक भंगारांत काढावा, असें बहुतेकांचें मत पडलें. कोणी त्यावर चार ओळी लिहो वा तो नुसता उघडा राहो, त्याचा पंखा सारखा गर्जत असे व पेटी तापत असे. नुकताच त्यांत दुसरा प्रोसेसर बसविला होता. बसविणारा म्हणाला, "यंत्र म्हातारें झालें." आम्हांस हा निवाडा घाईचा वाटला.

काम हलकें असतां प्रोसेसर आपली गति व विद्युद्दाब दोन्ही उतरवूं शकतो. त्याच्या चालू कामाचा वीजखर्च गतीच्या प्रमाणांत आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. म्हणून गति निम्मी व दाब पांचांतील चार भाग केला, तर तो खर्च तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी होतो. परंतु कोणत्या गतीस कोणती आज्ञा द्यावी, याचें कोष्टक लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरला फर्मवेअरकडूनच मिळावें लागतें. हे एसीपीआयचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं 1996 सालीं प्रथम प्रसिद्ध केले. गतीच्या कोष्टकाची सोय त्यांत 2000 सालच्या आवृत्तींत आली. कोष्टक नसेल तर ड्रायव्हर "असें उपकरण नाहीं" एवढेंच सांगून परत फिरतो, आणि प्रोसेसरवर नसता दोष येतो.

आम्हीं मुलांस बरोबर घेऊन क्रमानें शोध केला. प्रथम कर्नलची नोंदवही वाचली. मग बायोसमध्यें स्पीडस्टेपची कळ बंद आहे काय, तें पाहिलें. ती चालू होती. शेवटीं मुख्य पाटीच्या फर्मवेअरची तारीख पाहतां उलगडा झाला: तें फर्मवेअर नव्या प्रोसेसरच्या जन्मापूर्वींचें होतें! पाटी करणाऱ्यानेंच दिलेली पुढील आवृत्ति घातली आणि पंखा शांत झाला. हें काम चालू असतां वीज गेल्यास पाटी कायमची निकामी होऊं शकते. म्हणून यूपीएस जोडल्यावांचून आम्हीं त्यास हात लावला नाहीं.

दरम्यान एका विद्यार्थ्यानें पी-फोर-क्लॉकमॉड नांवाचा उपाय सुचविला. त्यानें आंकडा उतरलेला दिसतो खरा. परंतु ठोके मधून मधून गाळले जातात, दाब तसाच राहतो, आणि काम मात्र लांबतें. मजुरास दिवसभर उभा ठेवून घटकाघटकेला त्याचे हात बांधण्यासारखें हें आहे. दिसणारा गुण व खरा गुण यांत भेद करावयास शिकणें, हेंच आमच्या मतें शिक्षण होय.

तथापि सर्व भार शोधणाऱ्यावर टाकणें न्याय्य नव्हे. 2013 सालापासून लिनक्समध्यें इंटेलच्या नव्या प्रोसेसरांसाठीं असा ड्रायव्हर आहे कीं, तो गतीची माहिती प्रोसेसरलाच विचारतो. उलट 2022 सालीं आलेला एएमडीचा ड्रायव्हर अद्याप फर्मवेअरच्या सीपीपीसी कोष्टकावर अवलंबून आहे. तें नसल्यास तोहि अडतो. पाटी विकणाऱ्यांनीं हीं कोष्टकें पूर्ण द्यावीं व जुन्या पाट्यांसहि कांहीं वर्षें द्यावीं, एवढी मागणी आम्हांस रास्त वाटते.

ज्या शाळेस नवें यंत्र सहज घेतां येत नाहीं, तिला एका यंत्राचें जीवित म्हणजे कित्येक मुलांचा अभ्यास आहे. म्हणून विद्यार्थ्यांनो, कोणासहि निकामी ठरविण्यापूर्वीं एवढें अवश्य पाहा कीं, त्याच्यांत शक्ति नाहीं, कीं ती कशी वापरावी हें त्यास कोणीं सांगितलेंच नाहीं?