भारित आणि दत्तमत

राज्याचा अर्थसंकल्प हा निव्वळ जमाखर्च नसतो. कोणाचे देणे चुकवता येणार नाही आणि कोणाला ताटकळत ठेवले तरी चालेल, याची ती जाहीर कबुली असते. ही कबुली दोन शब्दांत सामावली आहे: 'भारित' आणि 'दत्तमत'. दत्तमत खर्चाला विधानसभेचे मत लागते. भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तो थेट राज्याच्या एकत्रित निधीवर टाकलेला असतो. राज्यघटनेच्या २०२व्या अनुच्छेदात भारित खर्चाची यादी आहे. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, न्यायालयीन हुकूमनाम्यांची रक्कम आणि सरकारी कर्जावरील व्याज हे सारे त्या यादीत येते. सावकाराचे व्याज भारित आहे. गुन्ह्याने उद्ध्वस्त झालेल्या माणसाची भरपाई मात्र दत्तमत.

या भेदाची किंमत पाहायची तर भंडारा जिल्ह्यातील लाखनीकडे पाहावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये या तालुक्यातील मुरमाडी येथे तीन अल्पवयीन बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. लोक रस्त्यावर उतरले, मंत्र्यांची रीघ लागली, मदतीची घोषणा झाली, तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला आणि पहिली काही वर्षे तो बहुतांश पडून राहिला. लाखनीला जे मिळाले ते प्रक्षोभामुळे मिळाले. ज्या गावातल्या दुःखासाठी कोणी महामार्गावर उतरत नाही, तिथल्या कुटुंबाने काय करावे?

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. पीडितांच्या भरपाईची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९च्या अखेरीस अमलात आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६व्या कलमात आहे. महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ रोजी बलात्कार व ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना सुरू केली. तिची कमाल मर्यादा आधी ३ लाख होती, पुढे ती १० लाखांवर गेली. पण कलमाचा मजकूर नीट वाचावा. भरपाईची चौकशी दोन महिन्यांत संपवण्याचे बंधन त्यात आहे. रक्कम हाती देण्याची मुदत नाही. निर्णय विधी सेवा प्राधिकरणाने करायचा, पैसे मात्र तरतूद असेल आणि वित्त विभाग त्या मोकळ्या करील तेव्हा मिळायचे. हक्क कायद्याच्या पुस्तकात आणि पैसा वितरण प्रणालीत, अशी ही फारकत आहे.

म्हणून मागणी सरळ आहे: पीडितांची भरपाई भारित खर्च घोषित करावी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. त्याच २०२व्या अनुच्छेदाने कोणताही खर्च कायद्याने भारित ठरवण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला आहे. दिल्लीकडे बोट दाखवण्याची इथे मुळीच जागा नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मतदानातून खर्च वगळला की लोकप्रतिनिधींचा अंकुश सुटतो. व्याजाच्या बाबतीत ही लोकशाहीची काळजी कोणी वाहिल्याचे दिसत नाही. धनकोचा विश्वास टिकावा म्हणून सभागृहाने आपले मत बाजूला ठेवले. नागरिकाचा विश्वास त्याहून स्वस्त आहे काय? दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे: नुसते भारित म्हटल्याने रक्कम वेळेवर पोचत नाही. हे खरेच आहे. म्हणून त्याच कायद्यात रक्कम देण्याची मुदत घालावी आणि ती उलटल्यास पीडिताला व्याज द्यावे. व्याजाची भाषा वित्त विभागाला चांगली कळते.

भरपाईने न्याय होत नाही, हे कोणी सांगायला नको. तपास, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, कनिष्ठ न्यायालये यांची दुरवस्था त्याने दूर होणार नाही. परंतु राज्याने रक्षणाची हमी घेतली होती आणि ती निभावली नाही, एवढे तरी त्यातून मान्य होते. असे देणे दयेच्या खात्यात लिहिणे ही हिशेबातलीच लबाडी आहे. मंत्र्यांनी पुढच्या विहिरीपाशी जाऊन धनादेशाची घोषणा करण्यापूर्वी विधिमंडळात हे एक विधेयक मांडावे.