खोक्यावरचा आकडा आणि जाळीतला वारा



गेल्या उन्हाळ्यात रोह्याचे आमचे एक शेजारी आम्हाला पेणला घेऊन गेले. हे गृहस्थ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात कूलिंग टॉवरवर ऑपरेटर आहेत. त्यांचा भाचा पेणला राहतो. बारावीनंतर दोन वर्षे नोकरी लागेना, म्हणून त्याने घरीच लग्नाचे व्हिडिओ जोडायचे आणि जयंतीचे बॅनर करायचे काम धरले. मामांनी सोसायटीतून कर्ज काढले आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याला एक कॉम्प्युटर आणून दिला. यंत्र जुने, पण ताकदीचे, आणि पाण्याने थंड होणारे.

थंडीत काम झकास चालले. एप्रिल लागला आणि दुखणे सुरू झाले. रात्री व्हिडिओ तयार करायला लावून झोपावे, तर पहाटे यंत्र आपोआप बंद पडलेले. एका लग्नाचे काम चार दिवस उशिरा गेले आणि त्या लोकांनी पैसे कापून घेतले. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "पंखे कमजोर आहेत. जास्त हवा फेकणारे चार घेऊन जा." चारांची किंमत कर्जाच्या हप्त्याच्या घरात जात होती. मामा आम्हाला म्हणाले, "घ्यायला ना नाही हो. पण घेऊनही बंद पडलं तर पोर खचेल. एकदा तुम्ही बघा."

आम्ही काही मोठे तज्ज्ञ नाही. पण आमच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरला आम्ही असेच खोक्यावरचा मोठा आकडा बघून पंखे आणले होते आणि पस्तावलो होतो. तेवढा अनुभव गाठीशी होता.

आधी 'पाण्याने थंड' म्हणजे काय ते बघू. कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर तांब्याची पट्टी बसवलेली असते. तिच्यातून बंद नळीतले पाणी फिरते आणि चिपची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते. हा रेडिएटर मोटारीच्या रेडिएटरसारखाच असतो, पातळ पत्र्यांची दाट जाळी. पंखे त्या जाळीतून हवा ढकलतात आणि पाणी निवून परत जाते. पाणी फक्त हमाल आहे. उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच टाकायची असते, म्हणून सगळे पंख्यावर येऊन ठरते.

पंख्याच्या खोक्यावर मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते छापलेले असते. गिऱ्हाईक तोच आकडा बघते. पण तो आकडा मोकळ्या हवेतला आहे, पंख्यापुढे काहीच अडथळा नसतानाचा. जाळीपुढे लावल्यावर तीच हवा अडते. अडथळ्यातून हवा ढकलायचा जोर वेगळा मोजतात. त्याचे माप मिलिमीटर पाण्यात असते, म्हणजे पंख्याचा दाब पाण्याचा केवढा उंच स्तंभ तोलून धरील ते.

आम्ही एवढे बोललो आणि मामा खुर्चीतून पुढे सरकले. "म्हणजे आमच्या टॉवरच्या फिलसारखं!" आम्ही त्यांनाच सांगायला लावले. टॉवरमध्ये वरून पाणी पडते ते फिल नावाच्या पत्र्यांच्या थरांवरून झिरपते आणि माथ्यावरचा मोठा पंखा खालून हवा ओढतो. फिलवर क्षार आणि शेवाळ धरले की पंखा तेवढाच गरगरतो, पण हवा जात नाही आणि खालच्या हौदात पाणी गरम येते. "साहेब पंखा बदला म्हणतात, आम्ही आधी फिल धुतो," मामा म्हणाले. आम्हाला जे समजावायला अर्धा तास लागला असता ते त्यांनी दोन वाक्यांत भाच्याच्या डोक्यात घातले.

आकड्यांचे एक उदाहरण देतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे दोन पंखे आहेत, दोन्ही १२० मिलिमीटरचे. एन-एफ एस-१२-ए हा तासाला १०७.५ घनमीटर हवा देतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ६३ घनफूट. त्याचा दाब १.१९ मिलिमीटर. दुसरा एन-एफ एफ-१२. हवा कमी, ९३.४ घनमीटर, पण दाब २.६१ मिलिमीटर, दुपटीहून जास्त. पहिला मिनिटाला १२०० फेरे घेतो, दुसरा १५००. दाबातला काही फरक त्यामुळे, बाकीचा पात्यांच्या घडणीमुळे. कंपनी स्वतः पहिला डब्याच्या मोकळ्या तोंडाला आणि दुसरा रेडिएटरला लावायला सांगते. मोठा आकडा बघून घेणारा मात्र नेमका पहिला उचलतो. आम्हीही तेच केले होते. नॉक्टुआ महाग पडतो. आर्क्टिक कंपनीचा पी-१२ त्याहून बराच स्वस्त, दाब २.२ मिलिमीटर आणि हवा मिनिटाला ५६ घनफूट. आपल्या घराला तो पुरे.

बरे, हवा वाढवत नेली तर थंडावाही तेवढाच वाढत जातो का? तसेही नाही. यंत्रातून ३०० वॅट उष्णता निघते असे धरा. मिनिटाला ६० घनफूट हवा जाळीतून गेली तर ती साधारण ९ अंश तापून बाहेर पडते. हवा दुप्पट केली तर साडेचार अंश. आणखी दुप्पट, म्हणजे २४० घनफूट, तर सव्वादोन. पहिल्या दुपटीत साडेचार अंश वाचले, दुसरीत सव्वादोनच, आणि आवाज मात्र चक्कीसारखा. एका खोलीत चार माणसे झोपणाऱ्या घरात रात्रभर तो आवाज कोण सोसणार? दुकानदाराचे चार पंखे म्हणजे दोन जाळीच्या अलीकडे आणि दोन पलीकडे. त्याने दाब वाढतो, हवा काही दुप्पट होत नाही. पातळ जाळीला फायदा थोडाच.

मामांनी आणखी एक शंका काढली. टॉवरमधले पाणी कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षाही गार येते, मग हे का नाही येणार? टॉवरमध्ये थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कॉम्प्युटरचे पाणी बंद नळीत आहे, ते उडतच नाही. म्हणून ते खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही. खोली ३६ अंशांवर असेल तर ३६ ही त्याची हद्द. आणि आपल्याकडचा उन्हाळा काही साधा नाही. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली आणि तिच्यावर पेपरांतून बरीच चर्चा झाली. ती नोंद बाजूला ठेवली तरी पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात काय होते ते आपल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा आधी खिडकी उघडा, यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव म्हणून किंवा कुणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आम्ही यंत्र बंद करून वायर काढली, झाकण उघडले आणि टॉर्च मारला. जाळी पांढरी!

भाच्याच्या खिडकीसमोर गणपतीचा कारखाना. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळव्याकडे वर्षातले बरेच महिने हे काम चालते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतले हातही पोटासाठी तिथे मजुरीला जातात, त्यात लपवायचे काही नाही. मूर्ती पॉलिश पेपरने घासताना प्लास्टरची जी भुकटी उडते ती कामगारांच्या छातीत जाते, आणि खिडकीतून येऊन या जाळीतही बसली होती. कामगारांच्या तोंडाला मास्क असतो का, हा प्रश्न पंख्याहून मोठा आहे. त्यावर स्वतंत्र लिहू.

तोंडाला रुमाल बांधून आम्ही मऊ ब्रशने आणि हातपंपाने जाळी साफ केली. पात्याला बोट लावून धरायचे, नाहीतर वाऱ्याने पंखा भरमसाट फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. पाणी मारायचे नाही. यंत्र चालू करून व्हिडिओ लावला. आधी पडद्यावर पाण्याचे तापमान ५७ दिसत होते, ते ४९ वर थांबले. एक पैसा खर्च न होता आठ अंश उतरले.

मग नळ्यांना हात लावून पाहिले. एक नळी चटका देते आणि दुसरी अगदी गार, असे असेल तर पंप बंद पडलेला असतो. मग कितीही पंखे लावा, उपयोग नाही. जुने यंत्र घेणाऱ्याने ही परीक्षा दुकानातच करावी, कारण बंद नळीतलेही पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे आटत असते. इथे दोन्ही नळ्यांत फारसा फरक नव्हता, म्हणजे पंप ठीक होता.

दोनपैकी एक पंखा मात्र खडखडत होता. तेव्हा चार नव्हे, दोनच पंखे बदलायचे ठरले, तेही दाबाचा आकडा बघून. बसवताना पंखा आणि जाळी यांच्यामध्ये फट राहू दिली नाही, कारण हवा सोपी वाट शोधते आणि फटीतून परत फिरते. तापमान ४६ वर आले. कुणी भंगार बाजारातून कारखान्यातला जाड पंखा आणून लावतो म्हणेल, तर एक ध्यानात ठेवा. कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर पंख्याला जोडणीची जी जागा असते ती बहुधा एकच अँपिअर सोसते. जास्त ओढणारा पंखा तिथे लावला तर पाटीच जळायची.

नवे यंत्र घेणाऱ्या पालकांना आमचे स्पष्ट मत सांगतो. पाण्याच्या आणि रंगीत दिव्यांच्या नादी लागू नका. शिकणाऱ्या मुलांना आणि अशा घरगुती कामाला चांगला ठोकळा आणि एक पंखा पुरतो. त्यात पंप नाही, गळायचे भय नाही. भाच्याच्या हाती पाण्याचे यंत्र आलेच होते, म्हणून ते नीट सांभाळायचे.

आता तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारात वंदनेला जाण्याआधी जाळी साफ करतो. खिडकीला त्याच्या आईने जुन्या सुती साडीचा पडदा शिवून दिला आहे, तो दर आठवड्याला धुतात. मेअखेरीपर्यंत लग्नांची सात कामे वेळेवर गेली. परवा मामा रोहा स्टेशनवर दिवा गाडीची वाट बघत भेटले. पेणलाच निघाले होते. कर्जाचे अकरा हप्ते राहिलेत म्हणाले, आणि पुढचे दोन भाचा भरणार आहे.