चकाकतं ते किती मिलिग्रॅम?

दिवाळीत जळगाव-धुळ्याकडे घरी गेलात, की साफसफाईत एक ड्रॉवर हमखास निघतो. काळ्या पडलेल्या ‘वन ग्रॅम’च्या बांगड्या, दोन बंद मोबाइल, जुन्या कॉम्प्युटरची रॅम. मग घरातला एखादा इंजिनीअर भाचा डोळे मोठे करून म्हणतो, ‘‘मामा, यात सोनं आहे! ॲसिड आणि चार्जर, बस्स!’’

भाचा खोटं बोलत नाहीये. गाढं सल्फ्युरिक ॲसिड घ्यायचं. भंगार तांब्याच्या जाळीत ठेवून ती प्लसला जोडायची, शिशाची पट्टी मायनसला. करंट सुरू झाला की सोन्याचा मुलामा सुटतो आणि काळी भुकटी होऊन तळाशी बसतो. खालचं तांबं मात्र बरंचसं शाबूत राहतं. हीच या सेलची खुबी.

आता हिशेब करू. एका साध्या बांगडीचा आतून-बाहेरून पृष्ठभाग धरा २० चौरस सेंटिमीटर. मुलामा अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. सोनं भरलं जेमतेम १९ मिलिग्रॅम! एक ग्रॅम जमवायला पन्नासेक बांगड्या हव्यात. मुलामा याहून पातळ असेल, तर आणखी कितीतरी.

आणि त्यासाठी घरात काय आणायचं? कातडी जाळणारं ॲसिड. त्यात चुकून पाणी ओतलं, तर ते उकळून अंगावर उडतं. भुकटी शुद्ध करायला पुन्हा नायट्रिक ॲसिड. त्याचा तपकिरी धूर तर महाबिलंदर. आत गेला तेव्हा थोडा खोकला येतो, माणूस म्हणतो, ‘काही नाही रे.’ फुप्फुसात पाणी भरतं काही तासांनी, रात्री झोपेत.

तुम्ही म्हणाल, सराफ बाजारात तर हेच चालतं ना? चालतं. तिथे केरही फुकट जात नाही. पेढीसमोरची माती धुऊन कण वेचणारे झारेकरी आहेत. सोनं गाळणारे गलाईवाले आहेत. सांगलीकडच्या विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी गावांतून निघालेली ही मराठी मंडळी देशभरातल्या सराफ्यांत पोचली. पण त्यांच्या हातात पिढ्यांचं कसब आहे, रोजचा माल आहे. आणि तरीही भट्टीचा, ॲसिडचा धूर त्यांच्याच छातीत जातो.

मग ड्रॉवरचं काय करायचं? खरं जुनं सोनं असेल, तर सराफाकडे न्या, समोर टंच काढून घ्या. मोबाइल आणि रॅम मात्र रद्दीबरोबर देऊ नका. एक टन मोबाइलमध्ये साधारण ३०० ग्रॅम सोनं असतं. खाणीच्या एक टन दगडात पाच ग्रॅम मिळालं तरी चांगलं म्हणतात. त्यामुळे हा माल कुणीतरी उकलणारच. प्रश्न एवढाच, की कुठे? धूर शोषणाऱ्या यंत्रणेखाली, की गल्लीतल्या उघड्या टपात, जिथलं ॲसिड शेवटी गटारात जातं?

१ एप्रिल २०२३पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. ऑफिसात ई-कचऱ्याचा डबा असेल, तर तो कोण उचलतं, हे उद्या ॲडमिनला विचारा. नोंदणी नंबर मागा. सुवर्णनगरीच्या माणसाला हॉलमार्क बघून घ्यायची सवय असतेच. तीच सवय इथेही लावायची.