अकरा महिन्यांचं घर

गेले तीन शनिवार पुण्यात घर शोधण्यात गेले, त्यामुळे इथे काही लिहिणं झालं नाही. आजही मागे अर्धवट भरलेले खोके पडलेत. पुण्यातल्या सहा वर्षांतलं हे माझं पाचवं घर.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काऊन रे, आताच तं लावलं होतं ना घर!" गेल्या दिवाळीनंतर ती खामगावहून आली, महाराष्ट्र एक्सप्रेसमधून गव्हाचं पोतं आणि कुरड्यांचा डबा घेऊन, आणि चार दिवस खपून तिनं स्वयंपाकघर लावलं. कुठल्या फळीवर काय, सगळं तिच्या डोक्यात पक्कं. आता ती फळीच राहिली नाही.

झालं असं की अकरा महिने संपले. काकांनी (म्हणजे घरमालकांनी, पुण्यात सगळे मालक काकाच असतात) चोवीस हजाराचं भाडं अठ्ठावीस करायचं ठरवलं. परवडत असेल तर राहा, नाहीतर बघा. मी म्हटलं, वाढ घ्या, पण रीतसर ठरवून घ्या आणि या वेळी करार तीन वर्षांचा करू. त्यावर एजंट मध्येच बोलला, "साहेब, अकराच्या वर कायद्यात बसत नाही."

इथे माझं डोकं सटकलं. कारण ही थाप आहे, आणि ती सगळे इतक्या शांतपणे मारतात की आपल्यालाही खरी वाटायला लागते.

हा अकराचा आकडा आला कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं त्यात सक्तीचं आहे. म्हणून लोकांनी एक महिना कमी लावून नोंदणी चुकवली. ठीक. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं ही पळवाट बंद केली. लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने धरले ते कारणच गेलं, आकडा मात्र राहिला. जुनी सिस्टीम बंद पडली तरी तिच्यासाठी लिहिलेला पॅच कोणी काढत नाही ना, तसंच.

मालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. १९७३ साली मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. कित्येकांची घरं अडकली. ती धास्ती पिढ्यान् पिढ्या उतरली. पण आताच्या कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं वसूल करता येतं. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कराराला आहे तसंच छत्तीस महिन्यांच्या कराराला आहे.

बरं, खर्च वाढतो का? हिशोब करून बघितला, सवय जात नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. चोवीस हजारानं ३३ महिन्यांचे ७,९२,००० झाले, त्यावर १,९८० रुपये. तेच अकरा-अकराचे तीन करार केले तर ६६० त्रिक... तेच १,९८०. डिपॉझिटवरच्या व्याजाचा हिशोब धरला तर दोन्हीकडे थोडं वाढेल, ते सोडा. फरक एवढाच की नोंदणी शुल्क एकदा भरायचं ते तीनदा भरायचं. एजंटची फी तीनदा. टेम्पो तीनदा! आता सांगा, अकरा महिने कोणाच्या फायद्याचे?

आणि पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. मतदार यादीत मी अजून खामगावचाच. दर वर्षी पत्ता बदलायचा कंटाळा केला, कबूल. पण पत्ता टिकणारच नाही हे माहीत असताना बदलावासाही वाटत नाही. परिणाम काय, गल्लीतलं पाणी, फुटपाथ, कचरा यांवर मी फक्त चहाच्या टपरीवर बोलतो. माझ्यासारखे किती भाडेकरू या शहरात असतील! नगरसेवकाला आमची गरज नाही आणि सोसायटीच्या मीटिंगला आम्हाला बोलावणं नाही.

राग खरा आपल्यावरच आहे. ऑफर लेटरमधल्या प्रत्येक आकड्यावर आपण घासाघीस करतो, आणि घराचा करार न वाचता अंगठा लावतो. तेवढ्या वेळात निदान तीन गोष्टी मागता येतात: मुदत तीन वर्षं, दर वर्षीची वाढ आधीच टक्क्यांत लिहिलेली, आणि दोघांनाही सोडायचं असेल तर दोन महिन्यांची नोटीस. मालक नाही म्हणेल, म्हणू दे. दहा जणांनी मागितलं तर अकराव्याला एजंट "कायद्यात बसत नाही" म्हणायला कचरेल.

नव्या घराच्या मालकीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मग वाढ किती धरायची म्हणता?" सहा टक्क्यांवर आलोय. मुलाला विचारून सोमवारी सांगतात. टेम्पो त्याआधीच, रविवारी सकाळी सातला येतोय, आणि कुरड्यांचा डबा कुठल्या खोक्यात गेला ते अजून सापडलेलं नाही.