पाणी बुजवू नका, बाकी सगळं बोलू!

लिव्हरपूल म्हटलं की तुमच्या डोक्यात पहिलं काय येतं? अॅनफिल्ड, लाल जर्सी, नाहीतर घरातल्या कुणा जुन्या फॅनमुळे कानावर पडलेले बीटल्स. माझंही तसंच होतं. पण आज या शहराबद्दल बोलायचंय ते एका कालव्यामुळे. ‘कालवा’ वाचून लगेच पान उलटू नका. हा विषय फिरून आपल्या हार्बर लाइनच्या खिडकीपाशीच येणार आहे.

तर, इंग्लंडमध्ये लीड्स ते लिव्हरपूल असा २०४ किलोमीटर लांबीचा कालवा आहे. काम सुरू झालं १७७० मध्ये आणि संपलं १८१६ मध्ये. म्हणजे आपली मेट्रो रखडली म्हणून आपण जे मीम्स बनवतो, ते जरा जपून! कोळसा आणि माल वाहणारा हा कालवा पुढे १८४८ च्या सुमारास स्टॅनले डॉकमधून मर्सी नदीकाठच्या गोद्यांना जोडला गेला. मग काळ बदलला, कंटेनरची मोठी जहाजं आली आणि जुन्या गोद्या ओस पडल्या. जेसी हार्टले या इंजिनीअरने बांधलेला, १८४६ मध्ये सुरू झालेला देखणा अल्बर्ट डॉकसुद्धा १९७२ मध्ये बंद पडला. पाणी साचलेलं, गाळ भरलेला, गोदामांच्या काचा फुटलेल्या. सगळं बुजवा आणि मोकळे व्हा, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

अल्बर्ट डॉक मात्र वाचला. १९८० च्या दशकात तिथला गाळ काढला, गोदामं दुरुस्त केली, १९८८ मध्ये तिथे टेट ही आर्ट गॅलरी आली. आणि २००९ मध्ये शहराने आणखी एक धाडस केलं. उत्तरेकडच्या स्टॅनले डॉकपासून थेट शहराच्या मध्यापर्यंत, साधारण सव्वादोन किलोमीटरचा नवा जलमार्ग सुरू केला. खर्च सुमारे २ कोटी २० लाख पौंड. जिथे गोद्यांमध्ये पाणी शिल्लक होतं तिथे तेच वापरलं, जिथे भराव पडला होता तिथे नवा चर खणला. रॉयल लिव्हर, क्युनार्ड आणि पोर्ट ऑफ लिव्हरपूल या तीन दिमाखदार इमारतींसमोरच्या चौकात तर छोटे बोगदे काढून कालवा जमिनीखालून नेला. आज लहान, अरुंद बोटी या वाटेने प्रिन्सेस डॉकमधून पुढे अल्बर्ट डॉकशेजारच्या सॉल्टहाउस डॉकपर्यंत येतात.

आता तुमच्यातला कॉमर्सवाला म्हणेल, ‘सव्वादोन किलोमीटरसाठी एवढे पैसे? तेही हौशी बोटवाल्यांसाठी?’ प्रश्न अगदी रास्त आहे. लिव्हरपूल काही श्रीमंत शहर नाही. गोद्या बंद पडल्या तेव्हा हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय या मार्गावरून बोट न्यायची तर आधी बुकिंग करावं लागतं, म्हणजे बोटींची रांग लागलीये असंही नाही. आणि उत्तरेकडचा पट्टा कालवा सुरू झाल्यावरही बरीच वर्षं ओसाडच राहिला. नुसतं पाणी वाहतं केलं की आपोआप रोजगार येतो, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तरीही माझं मत आहे, की तो खर्च योग्य होता. कारण त्या पैशांतून फक्त बोटींची वाट तयार झाली नाही, तर गोद्यांमध्ये पाणी ठेवण्याचं एक कारण तयार झालं. वापरात असलेली गोदी बुजवायची तर दहा प्रश्न विचारले जातात. वापरात नसलेली गोदी म्हणजे बिल्डरच्या भाषेत नुसता ‘प्लॉट’.

आणि बुजवल्यावर काय होतं, हेही लिव्हरपूलनेच दाखवलंय. जगातली पहिली व्यापारी बंदिस्त गोदी याच शहरात १७१५ मध्ये झाली, ‘ओल्ड डॉक’. १८२६ मध्ये ती बुजवली. २००१ मध्ये उत्खननात तिच्या भिंती सापडल्या. आज त्यावर चकाचक शॉपिंग सेंटर उभं आहे आणि लोक गाइडसोबत खाली उतरून विटांचा एक तुकडा बघून येतात. याच शहराची जहाजं गुलामांच्या व्यापारात आघाडीवर होती, ही लाजिरवाणी गोष्टही या गोद्यांमध्येच आहे. २००७ पासून अल्बर्ट डॉकमध्ये त्यावर स्वतंत्र संग्रहालय आहे. म्हणजे जागा टिकली तर अभिमानाच्याच नव्हे, लाजेच्या गोष्टीही सांगता येतात. जागाच गेली तर दोन्ही गेल्या.

पण शहाणपण कायम टिकतंच असं नाही. २००४ मध्ये लिव्हरपूलच्या बंदराला जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्याच वर्षी आपल्या सीएसएमटीलाही मिळाला, बरं का! २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचा दर्जा काढून घेतला. कारण गोद्यांच्या परिसरातले मोठे बांधकाम प्रकल्प आणि ब्रॅमली-मूर डॉकमध्ये वाळूचा भराव टाकून होणारं एव्हर्टन क्लबचं स्टेडियम. तिथल्या अनेकांचं म्हणणं होतं, ‘पाटी नको, काम हवं.’ उत्तर लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत राहणाऱ्याने असं म्हटलं तर त्याला नावं ठेवायला मी धजावणार नाही. पण काम की वारसा, हा पेपर सेट करणाराच चुकलाय असं मला वाटतं. अल्बर्ट डॉकमध्ये दोन्ही जमलंय की!

आता चला हार्बर लाइनवर. कॉटन ग्रीन स्टेशनवरून रोज जाता, पण इथला कापूस जायचा कुठे, हा प्रश्न कधी पडलाय? १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईचा कापूस लिव्हरपूलच्या धक्क्यावर सोन्याच्या भावाने विकला गेला. त्या पैशाने ही मुंबई फुगली. मग १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक झाले. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा महाभयंकर स्फोट झाला, तो याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये.

लिव्हरपूलच्या प्रिन्सेस डॉकमधून आज कालवा जातो. आपला प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक? दोन्ही कंटेनर ठेवायच्या जागेसाठी बुजवले. नाव एकच, नशीब वेगळं. मुंबईकर म्हणून आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत होतं? मलाही नव्हतं.

ससून डॉकमध्ये मात्र २०१७ मध्ये आर्ट प्रोजेक्ट झाला तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण गेले होते. फोटो टाकले, मासळीच्या वासावर कमेंटही केल्या. पण तिथे पहाटे कोलंबी सोलणाऱ्या मावशींसाठी ती इन्स्टाची भिंत नाही, रोजीरोटी आहे. पूर्व किनाऱ्याचा विकास करताना त्यांना उठवून कॅफे थाटला, तर तो वारसा जपणं नव्हे.

या किनाऱ्याच्या आराखड्यांची चर्चा अनेक वर्षं सुरू आहे. असा आराखडा आला की ‘हरकती आणि सूचना’ मागवतात. ती जाहिरात पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते आणि आपण ती वाचत नाही. आर्किटेक्चरवाल्यांनो, नकाशा वाचा. लॉवाल्यांनो, नियम बघा. मासमीडियावाल्यांनो, मावशींशी बोला. बाकीच्यांनी निदान एक पानाचं पत्र लिहा. त्यात एकच मागणी असली तरी चालेल: उरलेल्या गोद्यांमधलं पाणी बुजवू नका आणि त्या पाण्यापर्यंत आम्हाला चालत जाऊ द्या.

कालवा चुकला तर बंद करता येतो, कॅफे चालला नाही तर शटर ओढता येतं. बुजवलेली गोदी मात्र परत मिळत नाही. जमल्यास उद्या कॉलेजला जाताना दरवाज्यात उभे राहून मोबाइलऐवजी पूर्वेकडे बघा. भिंतींच्या पलीकडे समुद्र आहे. आपलाच आहे.