वरचा एक रुपया

आहेराच्या पाकिटात आपण शंभर रुपये घालीत नाही. एकशे एक घालतो. त्या वरच्या रुपयाने कोणाचा संसार उभा राहिल्याचे ऐकिवात नाही, पण त्यावाचून आहेराला आहेरपण येत नाही. असल्याच वरच्या एका नाण्याने दोन अजिंक्य गडी कसे चीत झाले, त्याची हकीकत यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘जेपर्डी’ नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ चालतो. स्पर्धक तीन. जिंकेल तो पुढच्या खेळाला कायम. हरतील त्यांनी घरची वाट धरावी, आणि त्यांना सहसा पुन्हा बोलावणे येत नाही. २००४ साली केन जेनिंग्ज नावाचा एक तरुण तिथे येऊन बसला, तो उठेचना! लागोपाठ ७४ खेळ त्याने जिंकले. म्हणजे १४८ माणसे हरली. जन्मात एकदा आलेली संधी, आणि नेमका समोर हा! आपण असतो तर कपाळाला हात लावून मोकळे झालो असतो.

पण ही माणसे नुसत्या विद्वत्तेपुढे हरली असे समजू नका. या खेळात प्रश्न वाचून संपल्यावरच बटण दाबायचे असते. आधी दाबले तर ते क्षणभर मुके होते. नवखा एक तर घाई करतो, नाहीतर मागे राहतो. मुरलेल्या गड्याच्या बोटात मात्र तबलजीसारखा ठेका बसलेला असतो. दुसरी गोष्ट शेवटच्या प्रश्नाची. त्यावर आपल्या शिलकीतले हवे तेवढे पणाला लावता येते. पण तोवर एकाची शिल्लक दुसऱ्याच्या दुपटीवर गेली, तर तो प्रश्न निव्वळ उपचार. जेनिंग्ज बहुधा आधीच दुपटीवर जाऊन बसायचा.

३० नोव्हेंबर २००४ ला दाखवलेल्या खेळात ते जमले नाही. त्याचे १४,४०० डॉलर झाले होते, नॅन्सी झर्ग या बाईंचे १०,०००. बाईंनी पणाला लावले ४,४०१. पाच हजार नाही, सगळे नाही, ४,४०१! उत्तर बरोबर आले तर १४,४०१, म्हणजे त्याच्या शिलकेहून एक डॉलर वर. प्रश्न होता हंगामी नोकरांच्या एका कंपनीचा. माणसे वर्षातून चारच महिने राबतात म्हटल्यावर जेनिंग्जला पार्सले पोचवणारे आठवले. बाईंना प्राप्तिकराची विवरणपत्रे भरणारे आठवले. संपले राज्य!

२०१९ साली जेम्स होल्झहाउअर आला. धंदा खेळांवर पैजा लावण्याचा. मोठ्या रकमेचे प्रश्न आधी घ्यायचे आणि हाती आलेले बेधडक लावायचे, या रीतीने त्याने ३२ खेळ जिंकले. ३ जूनला दाखवलेल्या खेळात त्याच्यासमोर होती एमा बेचर, शिकागो विद्यापीठातली ग्रंथपाल. तिने पदव्युत्तर अभ्यासात प्रबंधिका लिहिली होती ती याच खेळातले प्रश्न कशाने अवघड होतात यावर! तिने त्याचीच रीत त्याच्यावर उलटवली. शेवटी तिचे २६,६००, त्याचे २३,४००. त्याने सारे लावले असते तर ४६,८०० झाले असते. तिने लावले २०,२०१, बेरीज ४६,८०१. पुन्हा तोच वरचा एक डॉलर!

आपल्या ‘कौन बनेगा करोडपती’त समोर असा अजिंक्य गडी नसतो. २००० साली पहिले कोट्यधीश झालेले हर्षवर्धन नवाथे काय, किंवा २०१९ मध्ये एक कोटी मिळवणाऱ्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे काय, खुर्चीवर एकेकटेच बसले. पण ताडेबाई शाळेत दीड हजार रुपये महिन्यावर मुलांची खिचडी शिजवीत होत्या. ‘हे आपले काम नव्हे’ असे सांगणारा अदृश्य गडी त्यांच्यासमोर बसला नव्हता, असे कोण म्हणेल?

हा गडी मास्तरांच्या चांगल्या ओळखीचा असतो. आमच्याकडची मुले नांदुऱ्याच्या फलाटावरून स्पर्धेला निघतात तेव्हा जलंबपर्यंत गाणी म्हणतात. शहरातल्या सभागृहात समोरचा संघ एकसारखे कोट घालून, तीन वर्षांच्या ढाली मिरवीत येतो, आणि आमच्यांची बोटे गोठतात. एका मुलीने मला परतीच्या गाडीत सांगितले, “उत्तर येत होते, सर. पण म्हटले, ते देतीलच.” तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. बक्षीस गेल्याचे मला काही वाटले नाही. पण ते ‘देतीलच’ अजून टोचते. आज बटण सोडणारी मुलगी उद्या अर्ज सोडते, परवा नोकरी सोडते. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी दुसरे ते ‘देतच’ असते.

आमच्या गावी महामार्गालगत १०५ फुटांचा हनुमान उभा आहे. एवढा बलभीम, पण समुद्रकाठी त्यालाही स्वतःचे बळ आठवेना. जांबुवंताने आठवण करून द्यावी लागली. मास्तराचे काम तेवढेच. अजिंक्य म्हणवणाराही चुकतो, पण त्याच्या चुकीचा उपयोग जवळ टिकून राहिलेल्यालाच होतो. तेव्हा मुलांनो, समोरच्याच्या ढाली मोजू नका. आपली शिल्लक मोजा, त्याला दुपटीवर जाऊ देऊ नका, आणि वरचा एक रुपया मुठीत ठेवा.