डिटेक्टर घ्या, पण गडावर नेऊ नका

मेटल डिटेक्टर आता ऑनलाइन काही हजारांत घरपोच येतो. आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या गडावर जायचं?" का रे बाबांनो, घराजवळची बाग काय वाईट आहे?

छंद शिकायचाय ना, मग बागेतच शिका. उद्यान विभागाची परवानगी घ्या, लेखी. सुरुवातीला बाटल्यांची बुचं, खिळे, चॉकलेटची चांदी हेच निघणार. निघू दे, त्यानंच कान तयार होतो. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंतच कळते, त्यामुळे खड्डा छोटाच घ्या, माती कापडावर काढा, हिरवळ परत जागच्या जागी बसवा. ठिबकची नळी आणि दिव्याची केबल कुठून गेलीय ते माळीकाकांना आधी विचारा. मजा आहे यात, नाही कोण म्हणतंय!

पण गडावर? फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला आणि पुढच्याच महिन्यात बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते. सोनं राहू द्या. एक शिवराई जरी उपटलीत, तरी ती कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती हे कायमचं गेलं. हातात राहतो तांब्याचा तुकडा. स्टेटसला 'मावळा' लिहायचं आणि महाराजांच्याच गडाला भोकं पाडायची, ही कुठली भक्ती? शिवाय संरक्षित स्मारकात खोदणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

सरकारलाही सोडत नाही. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा. जमिनीतून १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. सरकारनं ते घेतलं तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. तांब्याचं नाणं घेऊन कोण चढेल कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या? मग ते मोडीत जातं नाहीतर गुपचूप विकलं जातं.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून यासाठी अधिकारी नेमलेत. छंदिष्ट माणूस वस्तू दाखवतो, ते नोंद करतात, बहुतेक वस्तू परत देतात. १० लाखांहून जास्त नोंदी झाल्यात. आपल्याकडे निदान जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात महिन्यातून एक दिवस असा नोंदणीसाठी ठेवा. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत आले तेव्हा ज्यांनी ज्यांनी फ्लेक्स लावले, त्या सगळ्यांना या पोस्टखाली टॅग करा आणि विचारा, हा दिवस कधी सुरू करताय?